तुऱ्यांचे दिवस

निगडीत शरद ऋतू मोकळ्या प्लॉटमधून येतो. बागेत तो पोहोचेपर्यंत उद्यान विभागाचा माणूस कात्री घेऊन उभा असतो, कुंड्यांमध्ये तो नर्सरीवाल्याच्या टेम्पोतून उतरतो, आणि बंगल्यांपुढच्या हिरवळीला तर ऋतू कळूच द्यायचा नाही असा मालकांचा पणच असतो. राहता राहिला प्लॉट. पिंपरी-चिंचवडची ही वसाहत वसवणाऱ्या प्राधिकरणाची स्थापना १९७२ सालची. कारखान्यांतल्या माणसांना घरं मिळावीत म्हणून जमिनी घेतल्या, सेक्टर पाडले, रुंद रस्ते आखले, कोपरे काटकोनात वळवले. २०२१ साली ते प्राधिकरण विलीन होऊन कागदोपत्री संपलंसुद्धा, पण रिक्षावाले अजून ‘प्राधिकरणात का?’ असंच विचारतात. एवढ्या आखीव वसाहतीतही चार गल्ल्या ओलांडल्या की एखादा प्लॉट तसाच पडून असतो. कुठे भावाभावांत कोर्टकज्जा, कुठे मालक न्यू जर्सीला, कुठे नुसतंच ‘भाव अजून वाढू दे’. कारण काही असो, गवताला बांधकाम परवाना लागत नाही. जूनमध्ये ते उगवतं, श्रावणात गुडघ्याला लागतं, आणि इकडे घराघरांत घट बसले की तिकडे प्लॉटवर तुरे उभे राहतात.

आता शरद म्हटलं की युरोपातली लालपिवळी पानगळ डोळ्यांपुढे आणायची आपल्याला कॅलेंडरांनी सवय लावली आहे. आपल्याकडे आश्विनात पानं कुठली गळायला! ती गळतात माघ-फाल्गुनात. आपला शरद गवताचा. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’त शरदाला नववधू केलं तेव्हा तिला नेसायला दिली ती काशाची पांढरी फुलं. काश म्हणजे नदीकाठचं ते उंच गवत, पवनेच्या काठालाही दिसतं. उज्जयिनीच्या कवीला नवरीच्या अंगावर शोभेलसं वाटलेलं हे वस्त्र आपल्या महापालिका हद्दीत ‘झाडेझुडपे काढणे’ या सदरात मोडतं.

ऑक्टोबर हीटच्या नावाने सगळे बोटं मोडतात. मीही मोडतो. पण त्याच उन्हाची पाचनंतरची तिरीप मला फार प्रिय आहे. सूर्य देहूरोडच्या बाजूला कललेला असतो आणि किरण तुऱ्यांच्या मागून येतात. बहुतेक तुऱ्यांवर बारीक केस असतात. बी वाऱ्यावर तरंगत लांब जावं म्हणून गवताने केलेली ती सोय आहे. उजेड त्या केसांत शिरतो, फुटतो, विखुरतो, आणि दुपारभर मातकट दिसणारा प्लॉट दहा-पंधरा मिनिटं कडेकडेने पेटून उठतो. फर्स्ट शिफ्ट करून, वाटेत बाजारहाट उरकून घरी निघालेली माणसं या वेळी इथून जातात. एका हातात भाजीची पिशवी असते. दुसरा हात मोकळा असला की तो आपोआप बाजूला होतो आणि तुऱ्यांवरून फिरत जातो. माणूस फोनवर बोलत असतो; हात काय करतोय याचा त्याला पत्ताही नसतो. दिवसभर लोखंड, ग्रीस आणि कूलंट हाताळलेल्या बोटांना एवढं मऊ काही फुकट मिळावं, ही सोय कुठल्याही कंपनीच्या वेलफेअर स्कीममध्ये नाही.

या मेळाव्यातला देखणा गडी म्हणजे दीनानाथ गवत. नावावरून संगीत नाटक मंडळीचा मालक वाटेल, पण चारापिकांच्या यादीत ते मारवेलच्या शेजारी बसलेलं असतं. त्याचं कणीस वीतभर, गुलाबी-जांभळं, आणि आजीच्या पावडरच्या डब्यातल्या पफसारखं मऊ. चिमटीत धरून हलकंच ओढलं तर सगळा पिसारा सुटून हातात येतो आणि मागे नुसती काडी उरते. एकेक झुबका जवळून पाहावा: मधे इवलंसं बी, भोवती लोकरीसारख्या तंतूंचं कोंडाळं. दिवस जातील तसा गुलाबी रंग उतरत जातो आणि दिवाळीच्या सुमाराला सगळं साय धरल्यासारखं पांढुरकं होतं. भक्ती-शक्ती चौकात १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे. वाऱ्याची मोठी बातमी तिथे लागते. किरकोळ झुळकांची दखल हे गवत घेतं.

मऊ दिसतं ते सगळं मऊ असतं असा मात्र समज करून घेऊ नये. घोराडेश्वरच्या डोंगरावर ऑक्टोबर सरताना जा. अख्खा उतार सोनेरी-तपकिरी, वारा आला की लाटा उठतात. नवीन लग्न झालेली जोडपी तिथे फोटो काढायला बसतात आणि बसल्या जागेवरून ज्या वेगाने उठतात, तो वेग लग्नाच्या व्हिडिओत कुठेच नसतो. तो उतार कुसळी गवताचा. एक कुसळ घरी आणून बघण्यासारखं आहे. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले ताठ केस, आणि मागे लांब काळपट शेपूट. शेपटाचा खालचा भाग दोराला पीळ द्यावा तसा पिळलेला. आता या शेपटावर पाण्याचा थेंब टाका आणि कुसळ तळहातावर ठेवा. पीळ सुटायला लागतो आणि कुसळ हातावर गोल फिरतं, अगदी जिवंत असल्यागत. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्यावर चालणारा हा ड्रिल आहे. फिरत फिरत बी मातीत घुसतं, आणि उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममधल्या भल्याभल्यांनी टोपी काढावी असं काम, तेही विजेविना. अडचण इतकीच, की मातीत आणि पायमोज्यात फरक करायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून मोज्यातलं कुसळ शेपटाला धरून मागे ओढू नये. ज्या दिशेने घुसलं त्याच दिशेने पुढे ढकलावं, मुकाट्याने निघतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं अशी म्हण आहे. ज्याच्या मोज्यात ते आहे त्याला ते दिसत नसलं तरी त्याचा ठावठिकाणा पुरता ठाऊक असतो.

कुर्डूचा स्वभाव याच्या उलट. गवतात गवतासारखं उभं राहतं, पण ते गवत नव्हे. बागेतल्या कोंबड्याच्या फुलाचं हे रानातलं भावंड. पावसाच्या सुरुवातीला कोवळी पानं खुडून तिची भाजी होते. मावळातल्या बायका रानभाज्यांच्या वाट्यांत ती घेऊन बसतात तेव्हा आपण घासाघीस करतो. दोन महिन्यांनी तेच रोप फुलतं आणि त्याच्या टोकाला गुलाबी-रुपेरी मेणबत्त्या लागतात. हात लावला तर ओलावा नाही, चिकटपणा नाही. कागदी, कोरडी, किंचित कुरकुरीत मऊ. तोडून आणलं तर फुलदाणीत पाण्याविना महिनोन् महिने टिकतं. बाजरीच्या शेतात उगवलं की शेतकरी त्याला शिव्या घालतो, आणि त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. प्लॉटवर बाजरी नाही. तिथे शिव्या घालायचं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही.

कारण देणारी माणसं नाहीत असं नाही. आमच्या सोसायटीच्या मासिक सभेत पावसाळा सरताना एक विषय ठरलेला असतो.

“शेजारच्या प्लॉटमध्ये जंगल माजलंय. साप निघतील.”

“निघालाय का कुणाला?”

“निघाला नाही हो, पण निघू शकतो ना!”

“आणि डास? डेंग्यूचं काय?” ही पहिल्या मजल्यावरच्या काकूंची पुरवणी.

आता डेंग्यूचा डास गवतात अंडी घालत नाही. त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं, आणि ते आमच्या इमारतीत सगळ्यात जास्त कुठे असेल तर काकूंच्या कुंड्यांखालच्या ताटल्यांमध्ये. साप येतो तो उंदरामागे, आणि उंदीर येतो तो गवतात भिरकावलेल्या खरकट्याच्या पिशव्यांमागे. पण हे सभेत बोलायची सोय नाही. इतिवृत्तात ‘गवत कापून घेण्याचे सर्वानुमते ठरले’ एवढंच येतं. गंमत अशी, की ठराव करणाऱ्या आमच्या पिढीतल्या बहुतेकांना इंदिरा संतांची ‘गवतफुला’ शाळेपासून तोंडपाठ आहे. नातवंडांकडून ती हावभावांसह म्हणूनही घेतात. कविता संपली की कटरवाल्याला फोन.

मग तो येतो. खांद्याला पट्टा, पट्ट्याला पेट्रोलचं मशीन, पुढे गरगरणारी नायलॉनची दोरी, तोंडावर रुमाल. तासाभरात दीनानाथ, कुर्डू, मारवेल सगळे आडवे. हवेत हिरवा वास आणि पिसांचा धुरळा. आमच्या मोरपंखीच्या झुडपात ठिपकेवाल्या मुनियांचं घरटं असतं, गवताच्याच पात्यांचा आणि तुऱ्यांचा गोळा. आपल्या अंगापेक्षा लांब तुरा चोचीत आडवा धरून ही चिमुकली बाई उडते तेव्हा तिची फार तारांबळ होते. वारा तुऱ्याला धरतो आणि तुरा तिला. कापणीच्या दुसऱ्या दिवशी मुनिया येऊन कंपाउंडच्या तारेवर बसतात, सपाट प्लॉटकडे बघतात आणि निघून जातात. त्यांना सभेची नोटीस गेलेली नसते.

एका गोष्टीत मात्र मी सेक्रेटरींच्या बाजूचा आहे. गाजरगवत. ते गवत नाहीच. गवताच्या नावावर बदनामी करणारा परका आहे. अमेरिकेतून आलेलं हे झाड भारतात प्रथम नोंदलं गेलं ते १९५५च्या सुमारास, आणि कुठे म्हणाल तर आपल्या पुण्यात. पुणेकरांनी देशाला पुष्कळ काही दिलं, त्याचा अभिमानाने उल्लेखही ते करतात; हे एक तेवढं ते सांगत नाहीत. अंगाला खाज, नाकाला शिंका, दमेकऱ्याला धाप. त्याच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या फुलोऱ्यात मऊपणाचा लवलेश नाही. त्याला उपटावंच. पण कटरवाल्याची दोरी माणूस ओळखत नाही, तशी गवतही ओळखत नाही. आणि बुडखा शिल्लक राहिलेलं गाजरगवत कापल्यावर सगळ्यांच्या आधी पुन्हा फुटतं.

याच इमारतीत, याच आठवड्यात, चौथ्या मजल्यावर पार्सल येतं. आत पॅम्पास गवत. मूळ दक्षिण अमेरिकेचं, वाळवलेलं, दुधी रंगाचे लांब झुपकेदार तुरे, टिश्यूपेपरात गुंडाळलेले. सध्या साखरपुड्याच्या मंडपात, कॅफेच्या कोपऱ्यात आणि बाळाच्या बारशाच्या फोटोत त्याच्याशिवाय पान हलत नाही. आमच्या माळीदादांना मी त्याची किंमत सांगितली. ते मराठवाड्याकडचे. त्यांनी तुरा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, वासही घेतला.

“दाणं आहेत का ह्यात?”

“नाही.”

“जनावर खातं?”

“नाही, शोभेचं आहे.”

“मग वाळल्यावर घेतलंच कशाला वो साहेब? आपल्या प्लॉटवर ओलं होतं की.”

माळीदादांचं बोलणं चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचवायचं धाडस मी केलं नाही. पण खरं सांगायचं तर चौथ्या मजल्याला हसायचा हक्क आपल्यापैकी कुणालाच नाही, कारण गवताचा तुरा विकत घेऊन घरात न ठेवणारं घर निगडीत सापडायचं नाही. दाराआड उभा असलेला फुलझाडू बघा. मेघालय-आसामकडच्या डोंगरउतारांवरच्या एका उंच गवताचा तो फुलोरा. कुणी तरी तो काडीकाडीने कापला, वाळवला, जुड्या बांधल्या, आणि अर्ध्या देशाचा प्रवास करून तो तुमच्या घरी आला. इतका नाजूक फुलोरा आपल्या बैठकीत फुलदाणीत असता तर पाहुण्यांनी विचारलं असतं, कुठून आणला. दाराआड असल्यामुळे विचारत नाहीत.

नवा फुलझाडू घरात येणं हा मात्र मोठाच प्रसंग. झाडावा तेवढा कचरा तो स्वतःच करतो. सोफ्याखाली, पंख्याच्या वाऱ्यावर, देवघरातल्या निरांजनात, सगळीकडे त्याचा बारीक भुसा. घरोघरी याच्यावर तोडगे आहेत. कुणी गच्चीत नेऊन कठड्यावर आपटतं, कुणी पाण्यात बुडवून उन्हात ठेवतं, आणि आमच्या शेजारच्या वहिनी सरळ जुना कंगवा घेऊन त्याला विंचरत बसतात. दिवाळीच्या साफसफाईत गच्चीवर मांडी घालून झाडूची वेणीफणी करणारी बाई पाहिली की वाटतं, हॉलंडचा पीट आउडॉल्फ इथे आणून उभा करावा.

हा आउडॉल्फ म्हणजे जगभरच्या बागांना गवताचं वेड लावणारा माणूस. फूल सरलं की झाड कापायचं ही रीत त्याने मोडली. तुरे, बोंडं, वाळक्या काड्या हिवाळाभर उभ्या ठेवायच्या आणि वसंताच्या तोंडावर कापायच्या, ही त्याची पद्धत. न्यूयॉर्कची हाय लाइन ही त्याच्या हातची बाग, २००९ साली खुली झाली. तिची हकिकत आपल्या प्लॉटच्या फार जवळची आहे. मालगाड्यांचा उंचावरचा लोहमार्ग होता, १९८० साली गाड्या थांबल्या, आणि रुळांमध्ये आपोआप गवत आणि रानफुलं माजली. पाडा म्हणणारे तिथेही होते, त्यांच्याही सभा होत असणारच. पण काही लोकांनी ते माजलेलं रान बघितलं आणि बागेचा नकाशा त्याच्यावर बेतला. आता लोक विमानाने जाऊन ते गवत बघून येतात. आमच्या सोसायटीतलेही जाऊन आले. फोटो दाखवले. मागे गवत, पुढे हे.

काशाचं राहिलं. कालिदासाच्या शिफारशीने भागत नसेल तर त्याच्याकडे आणखी एक प्रमाणपत्र आहे. काश हा उसाचा रानटी सोयरा. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात गोड, जाड पण नाजूक प्रकृतीच्या उसाशी या काटक काशाचा संकर केला गेला, आणि १९१८ साली को २०५ हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आलं. पुढे भारतात जे ऊस पिकले त्यांच्या अंगात काशाचं रक्त आहे. म्हणजे महाराष्ट्रातले कारखाने, त्यांचे चेअरमन, त्यांच्या निवडणुका आणि त्यातून निघालेलं आपलं अर्धंअधिक राजकारण, या सगळ्याच्या वंशवृक्षात नदीकाठी डोलणारा हा पांढरा तुरा कुठे तरी बसलेला आहे. उसाने रक्ताचं नातं लपवलेलंही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यालाही तसाच रुपेरी तुरा येतो. पण उसाला तुरा आला की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो, कारण मग वाढ थांबते. तुऱ्याचं कौतुक करायला उसाबाहेरचं असावं लागतं.

भक्ती-शक्तीच्या शिल्पात शिवाजीमहाराज आणि तुकोबा समोरासमोर उभे आहेत. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना तिथली हिरवळ राखणारी माणसं उकिडवी बसून खुरप्याने काही तरी काढताना दिसतात. बहुतेक वेळा तो लव्हाळा असतो. महापुरात झाडं वाहून जातात आणि लव्हाळा वाचतो, हे ज्यांनी सांगितलं त्यांच्याच पायाशी लव्हाळ्याची उचलबांगडी चाललेली असते. तुकोबांना मात्र काळजीचं कारण नाही. लव्हाळ्याच्या मुळाला जमिनीत गाठी असतात. वरचं पातं गेलं तरी गाठ राहते आणि आठवड्याभरात नवं पातं वर. महापुरातून वाचतो तो खुरप्यातूनही वाचणारच.

दीनानाथ आणि कुर्डूचं तसं नाही. ती वर्षायू आहेत, बी पडलं तरच पुढच्या वर्षी. म्हणून आमच्या आणि तुमच्याही सोसायटीच्या सेक्रेटरींना एवढंच सांगणं आहे. गाजरगवत फुलायच्या आधी, श्रावणातच, हातमोजे घालून मुळासकट उपटून घ्या. प्लॉटवर खरकटं टाकणाऱ्याला दंड करा. कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला उपड्या करा. बाकीचं गवत तुळशीचं लग्न होईपर्यंत उभं राहू द्या. तोवर बिया पडलेल्या असतात, मुनियांची पिल्लं उडालेली असतात. त्यानंतर जरूर कापा, कारण पुढे उन्हाळ्यात वाळलं गवत पेट घेतं आणि मग अग्निशमनवाल्यांना यावं लागतं. कटरवाला दिवाळीनंतर मोकळाच असतो, पैसेही कमी घेतो. मी विचारून ठेवलंय.